मत्स्यटाकीतील ‘मून लाइट’ आणि माशांची रात्र

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या शहरांत आणि आता अमळनेर, चाळीसगाव, शहादा यांसारख्या गावांतही बैठकीच्या खोलीत माशांची काचेची टाकी असणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कोणी मुलांच्या हट्टापायी, कोणी वास्तुशास्त्र जाणणाऱ्याच्या सांगण्यावरून, तर कोणी निव्वळ हौसेने ती घरी आणतो. टाकीबरोबर झाकणात बसवलेली किंवा काठाला अडकवायची एलईडीची पट्टी मिळते. तिचे बटण एकदा दाबले की पांढरा, दुसऱ्यांदा दाबले की पांढरा-निळा आणि तिसऱ्यांदा दाबले की नुसता निळा प्रकाश पडतो. या तिसऱ्या प्रकाशाला दुकानात ‘मून लाइट’ म्हणतात आणि ‘रात्रभर हा राहू द्या, माशांना चांदणे मिळते’ असा सल्लाही त्यासोबत फुकट मिळतो. परिणामी, मी पाहिलेल्या बहुतेक घरांत घरची माणसे दिवे मालवून झोपली तरी माशांच्या डोक्यावरचा निळा दिवा सकाळपर्यंत जळत असतो. माशांवरच्या मायेपोटी केली जाणारी ही गोष्ट माशांच्या मुळीच सोयीची नाही, आणि रात्रीचा दिवा निवडायचाच असेल तर तो कोणत्या कसोटीवर निवडावा, हे आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम चांदणे म्हणजे किती प्रकाश, हे पाहू. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. आपल्याकडे वैशाखातील भर दुपारच्या उन्हात ती एक लाख लक्सच्या घरात असते, दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत शंभर ते तीनशे लक्स, तर रस्त्यावरच्या दिव्याखाली साधारण दहा लक्स. निरभ्र आकाशात पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर असताना जमिनीवर पडणारा प्रकाश मात्र पाव लक्सच्या आसपास, म्हणजे त्या उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाइतका असतो. अष्टमीचा अर्धा चंद्र याच्या निम्मा प्रकाश देत असेल असे कोणालाही वाटेल. परंतु चंद्राचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे आणि तिरप्या उन्हात त्यावर असंख्य सावल्या पडत असल्यामुळे अर्ध्या चंद्राचा प्रकाश पौर्णिमेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका भरतो. अमावास्येला नुसत्या ताऱ्यांच्या प्रकाशात हा आकडा एका लक्सच्या हजाराव्या भागापर्यंत खाली येतो. नदीतले, ओढ्यातले मासे ज्या रात्रींना सरावलेले आहेत त्या अशा आहेत. महिन्यातील मोजक्या रात्री पाव लक्स, तोही चंद्र वर असेतोवर, आणि उरलेल्या रात्री जवळपास काळोख.

आपल्या टाकीवरचा ‘मून लाइट’ या मोजमापात कोठे बसतो हे पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. मोबाइलमधील प्रकाशमापक ॲप इतक्या मंद प्रकाशात भरवशाचे राहत नाही, आणि बाजारात मिळणारे साधे लक्समीटरही एक लक्सच्या खाली चाचपडू लागते. शिवाय लक्स हे माप माणसाच्या दिवसाच्या दृष्टीवर बेतलेले आहे. त्यात हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला झुकते माप मिळते आणि निळा प्रकाश प्रत्यक्षाहून कमी भरतो. त्यापेक्षा आपले हे वर्तमानपत्रच उपयोगी पडेल. रात्री घरातील सर्व दिवे बंद करावेत, खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीसेक मिनिटे स्वस्थ बसावे आणि मग टाकीचा निळा दिवा लावून त्याखाली, पाण्याच्या पातळीजवळ, वर्तमानपत्र धरावे. पौर्णिमेच्या प्रकाशात मोठे मथळे लागतात, बारीक मजकूर वाचताना मात्र डोळ्यांना ताण पडतो आणि ओळी निसटतात. टाकीच्या दिव्याखाली अग्रलेख सलग वाचता येत असेल, तर तो दिवा चांदण्याच्या कितीतरी पुढे गेला आहे असे खुशाल समजावे. माझ्या ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी हे करून पाहिले, त्यांना त्या प्रकाशात छोट्या जाहिरातीदेखील वाचता आल्या.

याच वेळी आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. टाकीचा दिवा पूर्ण बंद करूनही, केवळ रस्त्यावरच्या दिव्याच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात, राऊटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांत किंवा देवघरातील झिरो बल्बच्या प्रकाशात मासे दिसत असतील, तर आपल्या टाकीत चांदण्याएवढा उजेड आधीपासूनच आहे. अशा घराला वेगळा दिवा विकत घेण्याचे कारण उरत नाही. शहरी वस्तीतील निम्म्याअधिक घरांचा प्रश्न येथेच संपावा, असे मला वाटते.

आता रंगाविषयी. चांदणे निळे असते ही समजूत इतकी रुजली आहे की निळ्याखेरीज दुसऱ्या रंगाचा रात्रदिवा टाकीसाठी कोणी मागतही नाही. चंद्र स्वतः प्रकाशत नाही. त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी बारा टक्क्यांच्या आसपास प्रकाश तो परत फेकतो, आणि हा परतलेला प्रकाश मूळ सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतो. तो आपल्याला निळसर भासतो याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम थांबवतात आणि दंडपेशी पुढे येतात. या दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक दाद देतात आणि तांबड्याला जवळपास आंधळ्या असतात. संधिप्रकाशात लाल फुले काळवंडतात आणि पाने उजळ वाटतात, ही गोष्ट यान पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टिपून ठेवली आणि आजही तो परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. उन्हाळ्यात धाब्यावर झोपणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना हे सांगायला नको: टिपूर चांदण्यात शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले लुगडे दिसते, पण ते लाल की हिरवे हे सांगता येत नाही. तेव्हा ज्या दिव्याखाली गोल्डफिशचा केशरी रंग किंवा निऑन टेट्राची निळी रेघ झळाळून उठते, तो दिवा पाहणाऱ्याच्या हौसेसाठी बनवलेला आहे. खऱ्या चांदण्याएवढ्या उजेडात दोन्ही मासे करडेच दिसतील. नाटक-सिनेमात रात्र दाखवायला निळा प्रकाश टाकतात तो संकेत रंगमंचावर शोभतो. माशांना त्याच्याशी कर्तव्य नाही.

उलट निळ्या रंगाची एक अडचण आहे. माशांना पापण्या नसतात. त्यांना डोळे मिटून उजेड टाळता येत नाही, आणि त्यांची प्रकाशाची जाणीव डोळ्यांपुरती मर्यादितही नसते. पुढे मधमाश्यांच्या नृत्यभाषेच्या उलगड्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९११ मध्येच युरोपातील मिनो या लहान माशावर प्रयोग करून दाखवले होते की, डोळे निकामी असलेल्या माशालाही डोक्याच्या वरच्या भागावर पडणारा प्रकाश कळतो. मेंदूच्या वरच्या बाजूस असलेली पिनियल ग्रंथी माशांमध्ये थेट प्रकाश ओळखते आणि अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. रात्र झाली हा निरोप शरीरभर पोहोचवण्याचे काम हे संप्रेरक करते. टाकीचा दिवा नेमका डोक्यावर असतो, आणि माशाच्या कवटीतून पुरेसा प्रकाश आत झिरपतो.

किती प्रकाशाने हा निरोप अडतो, यावर गोड्या पाण्याच्या परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्या बर्लिनच्या लायब्निझ संस्थेत पर्च या माशावर प्रयोग झाले आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रात्री केवळ एक लक्स प्रकाश ठेवला तरी माशांतील मेलाटोनिन घटले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगात ही घट ०.०१ लक्सलाही, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा कितीतरी कमी प्रकाशात, दिसून आली. आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलेल्या झेब्रा डॅनिओ या माशावर अमेरिकेत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकाशामुळे त्याची झोप जवळपास थांबते असे आढळले. होय, मासे झोपतात. एका जागी स्थिर होतात, कल्ल्यांची हालचाल मंदावते, काही जण तळाशी टेकतात, आणि त्या अवस्थेत त्यांना जागे करायला नेहमीपेक्षा मोठा धक्का लागतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष तर डोळे उघडणारे आहेत. क्लाउनफिश या माशाच्या जोड्या रात्री साधारण सव्वीस लक्स एलईडी प्रकाशात ठेवल्या, तेव्हा त्यांनी अंडी नेहमीप्रमाणे घातली, त्यांचे फलनही झाले, पण त्यांपैकी एकही अंडे फुटले नाही. कारण या माशाची पिल्ले अंधार पडल्यानंतरच अंड्याबाहेर येतात. सव्वीस लक्स म्हणजे काही प्रखर प्रकाश नव्हे. रात्री बैठकीतील एखादा दिवा राहून गेला तरी टाकीत तेवढा उजेड पोहोचू शकतो.

मग हा दिवा निघालाच का, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे मूळ समुद्री प्रवाळांच्या टाक्यांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वसंताच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी आपली बीजे पाण्यात सोडतात, हे १९८०च्या दशकात जगापुढे आले, आणि त्यानंतर घरात प्रवाळ पाळणाऱ्या पाश्चात्त्य हौशी लोकांना आपल्या टाकीत चंद्राच्या कला उतरवाव्यात असे वाटू लागले. त्यांची यंत्रणा कलेकलेने प्रकाश वाढवते, कमी करते आणि अमावास्येला पूर्ण अंधार करते. आपल्या देशात हाडासारखा सांगाडा बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि तापीकाठच्या घरात ते ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. तरी त्या यंत्रणेतील निळा रंग तेवढा उचलला गेला, आणि कला व अमावास्या मात्र मागे राहिल्या. गप्पी, मॉली आणि गोल्डफिश यांच्या टाकीवर सध्या जे लटकते आहे ते हे अर्धवट उसने आणलेले सामान आहे.

एवढे सगळे सांगूनही रात्रीचा मंद दिवा मला सरसकट त्याज्य वाटत नाही. त्याचा खरा उपयोग पाहणाऱ्याला आहे, आणि तो उपयोग काही कमी नाही. आपल्या तापी-गिरणेच्या पात्रातील वाम किंवा शिंगाळा दिवसा दगडाच्या फटीत नाहीतर वाळूत दडून बसतात आणि अंधार पडला की भक्ष्याला निघतात. घरच्या टाकीतील कॅटफिशच्या बहुतेक जाती, काच चाटणारा सकर, पट्ट्यापट्ट्यांचा कुहली लोच हेही त्याच वळणाचे. ज्याने हे मासे केवळ दिवसा पाहिले त्याने ते जवळपास पाहिलेलेच नाहीत. दिवसभर मूर्तीसारखा बसलेला सकर रात्री साडेनऊला टाकीभर कसा हिंडतो, कुहली लोच वाळूतून मिशा फिरवत कसा निघतो, हे पाहण्याजोगे असते आणि घरातील मुलांनी ते जरूर पाहावे. लाल दिवा माशांना दिसत नाही म्हणून तो लावा, असेही काही जण सुचवतात. निदान गोल्डफिशच्या बाबतीत हे खरे नाही, कारण त्याच्या डोळ्यांत लाल प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी असतात. कोणत्याही रंगाचा दिवा असो, तो मंद असावा आणि वेळेवर मालवला जावा.

वेळ किती असावी, याचे उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहे. शुक्ल पक्षात चंद्र संध्याकाळीच आकाशात असतो. अष्टमीला तो सूर्यास्ताच्या सुमारास माथ्यावर येतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पौर्णिमेला तो मावळतीच्या वेळी उगवतो आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर करत जातो. संकष्टीचा उपास करणाऱ्या घरांना हा हिशेब पक्का ठाऊक असतो, कारण कृष्ण चतुर्थीला चंद्रोदयासाठी नऊच्या सुमारापर्यंत ताटकळावे लागते. कृष्ण अष्टमीला तर चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवतच नाही. तेव्हा शुक्ल पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत आणि फार तर पुढची दोन-तीन दिवस, संध्याकाळचा पांढरा दिवा मालवल्यावर तास-दोन तास मंद दिवा लावावा, आणि एरवी टाकीला अंधाराची रात्र मिळू द्यावी, असा नेम मला सर्वांत योग्य वाटतो. ज्याला तिथी पाहण्याचा कंटाळा असेल त्याने रोज तासभर लावून रात्री दहाला तो बंद होईल अशी व्यवस्था करावी. त्यानेही बिघडत नाही. रात्रभर लावू नये, एवढे पाळले म्हणजे पुरे.

या तासाभराचा आणखी एक फायदा आहे. भर उजेडातून एकदम काळोख झाला की टाकीतील मासे बिथरतात. टायगर बार्ब, डॅनिओ यांसारखे चपळ मासे काचेवर आदळतात किंवा झाकण उघडे असेल तर बाहेर उडी घेतात. निसर्गात संध्याकाळ हळूहळू होते. पांढऱ्या दिव्यानंतर मंद दिवा आणि त्यानंतर अंधार असा क्रम ठेवला, तर बाजूच्या खोलीतला उजेड मालवण्याचाही धक्का त्यांना बसत नाही. सकाळीसुद्धा आधी खोलीत उजेड येऊ द्यावा आणि अर्ध्या तासाने टाकीचा दिवा लावावा. एंजल किंवा तत्सम मासे अंडी राखत असताना काही अनुभवी पालक रात्रीही अगदी मिणमिणता उजेड ठेवतात, म्हणजे अंड्यांवर टपलेल्या इतर माशांना हुसकावणे आईबापांना जमते. डिस्कससारखे भित्रे मासे अंधारात दचकून आपटतात म्हणूनही काही जण तसे करतात. हे अपवाद आहेत, ते जाणत्यांनी कारण पाहून आणि तात्पुरते करावेत.

येथे खान्देशच्या हवामानाचा मुद्दा आवर्जून मांडावासा वाटतो. रात्री दिवा राहिला तर टाकीतील वनस्पती प्राणवायू सोडतील आणि माशांना मदत होईल, असे अनेकांना मनापासून वाटते. चांदण्याएवढ्या उजेडात प्रकाशसंश्लेषण हिशेबात घेण्याइतके होत नाही. वनस्पती रात्री माशांप्रमाणेच प्राणवायू वापरतात. दिवा प्रखर ठेवला तर निळ्या प्रकाशाचा लाभ घेण्यात शेवाळ सर्वांत पुढे असते, कारण हरितद्रव्य निळा प्रकाश चांगलाच शोषते, आणि मग काचा हिरव्या झाल्याची तक्रार घेऊन माणूस पुन्हा दुकानात जातो. प्राणवायूचे खरे संकट आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये येते. वीस अंश तापमानाचे पाणी लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, तीस अंशांना ते साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते, आणि जळगाव-भुसावळात दुपारचा पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो तेव्हा बंद घरातील टाकीचे पाणी तिशी सहज ओलांडते. उष्ण पाण्यात माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते ती वेगळीच. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंडे काढून हवा ओढताना दिसतात ते यामुळे. अशा दिवसांत वीज गेली आणि इन्व्हर्टरवर टाकीचे एकच काहीतरी चालवता येणार असेल, तर एअर पंप चालवावा, दिवा नव्हे. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असणे हे रंगीत दिव्यापेक्षा कैक पटींनी उपयोगाचे आहे, आणि विक्रेत्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची आठवण गिऱ्हाइकाला करून द्यावी.

खरेदीला निघणाऱ्यांसाठी आता थोडे. रात्रीच्या दिव्याचे बटण दिवसाच्या दिव्याहून स्वतंत्र असावे आणि प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय असावी; या दोन गोष्टी नसतील तर पट्टी कितीही नामांकित असली तरी ती या कामाची नाही. किती वॅटचा दिवा, या प्रश्नाने फारसे कळत नाही. एका वॅटचा एलईडीही फूटभरावरून चांदण्याच्या अनेक पटींनी प्रखर पडतो. टाकीच्या लांबीइतकी निळी पट्टी घेण्यापेक्षा एका टोकाला एकच लहान एलईडी लावणे चांगले. चंद्र हा आकाशातील एकच लहानसा स्रोत असतो, म्हणून त्याचा प्रकाश हलत्या पाण्यातून जाताना तळाच्या वाळूवर प्रकाशरेषांची जाळी नाचते. पट्टीतील ओळीने बसवलेले दिवे ही जाळी एकमेकांच्या उजेडात पुसून टाकतात आणि सगळीकडे सारखा, सपाट निळेपणा उरतो. तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या काठी पौर्णिमेची रात्र पाहिलेल्या माणसाला हा फरक चटकन जाणवेल. रंगात निवड करता येत असेल तर गर्द निळ्याऐवजी मंद पांढरा घ्यावा; चंद्राच्या खऱ्या प्रकाशाशी त्याचेच नाते अधिक जवळचे आहे. ज्यांच्याकडे आधीपासून प्रखर दिवा आहे त्यांनी तो टाकून देण्याची गरज नाही. दिवा टाकीपासून वर उचलावा, कारण लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो. नाहीतर झाकणाच्या काचेवर, पाण्याच्या बाहेरच्या बाजूने, बटर पेपरचे थर एकावर एक ठेवत जावे आणि वर सांगितलेल्या वर्तमानपत्राच्या परीक्षेत दिवा नापास होईपर्यंत, म्हणजे बारीक मजकूर वाचता येईनासा होईपर्यंत, ते वाढवावेत.

विजेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. पाण्याजवळचा दिवा थेट घरच्या २३० व्होल्टवर चालणारा नसावा. १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवर चालणारा घ्यावा. पाण्यात बुडणाऱ्या दिव्यावर आयपी ६८ (धूळ-पाणी आत शिरू न देण्याची प्रत सांगणारा आकडा) असा शिक्का पाहावा. आयपी ६७ हा मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा निकष आहे, कायम बुडवून ठेवण्याचा नाही. वायर सॉकेटकडे नेताना तिला सॉकेटच्या पातळीखाली झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. झाकणाच्या काचेवर आणि दिव्यावर त्यांचा पांढरा थर चढतो आणि तोच प्रकाश वेडावाकडा पसरवतो, म्हणून पाणी बदलताना हा थर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, अर्थातच दिव्याची पिन आधी काढून.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, रात्रीचा दिवा झगझगीत दुकानात लावून दाखवू नये. तेथे तो मंद वाटणारच. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एक टाकी ठेवावी, गिऱ्हाइकाला तेथे नेऊन तो दाखवावा आणि दिव्यासोबत टायमरही सुचवावा. विक्री त्यांचीच वाढेल. दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत, हॉटेलांच्या स्वागतकक्षांत आणि शाळांच्या दर्शनी भागात ज्या मोठ्या टाक्या दिसतात, त्यांची स्थिती घरगुती टाक्यांहून अवघड आहे, कारण तेथे दिवसा टाकीचा आणि खोलीचा पांढरा उजेड, संध्याकाळी रोषणाई आणि कुलूप लागल्यावर निळा दिवा असा चोवीस तासांचा पहारा माशांवर असतो. अशा प्रत्येक टाकीच्या दिव्याला साधा यांत्रिक टायमर जोडावा, दिव्यांची एकूण वेळ आठ ते दहा तासांत आटोपावी आणि एअर पंप व फिल्टर यांचे सॉकेट त्या टायमरपासून वेगळे ठेवावे, म्हणजे रात्री कुलूप लावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या आठवणीवर माशांची झोप अवलंबून राहणार नाही, आणि दिवा बंद होताना पंप व फिल्टरही बंद पडणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक मत्स्यपालक वाचक,
भुसावळ, जि. जळगाव